‘फायरफ्लाय’ची बोली : एका खंडित मालिकेच्या दीर्घायुष्याविषयी

दूरचित्रवाणीवरील एका मालिकेचा विचार विद्यापीठीय संशोधनपत्रिकेत व्हावा काय, अशी शंका काही वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे निरसन प्रारंभीच केलेले बरे. येथे विचारार्थ घेतलेली मालिका रंजनाच्या दृष्टीने सरस आहे की नीरस, हा या लेखाचा प्रश्न नव्हे. अवघे चौदा भाग तयार झाले असता अकरा भागांच्या प्रक्षेपणानंतर बंद पडलेली ही मालिका दोन दशकांहून अधिक काळ पाहिली जात आहे, तिच्यावर चर्चा होत आहे, आणि विशेष म्हणजे तिच्यातील बोली तिच्या रसिकांच्या तोंडी आहे. कलाकृती पाहिली जाणे निराळे आणि बोलली जाणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीचा विचार भाषाभ्यासकाने करावयाचा नाही, तर कोणी करावयाचा?

मालिकेचे नाव ‘फायरफ्लाय’. जॉस व्हेडन हा तिचा जनक. अमेरिकेतील फॉक्स वाहिनीवरून तिचा पहिला भाग २० सप्टेंबर २००२ रोजी प्रक्षेपित झाला, आणि त्याच वर्षीच्या २० डिसेंबर रोजी तिचे प्रक्षेपण संपुष्टात आले. कथेचा काळ इसवी सन २५१७ हा आहे. मनुष्यजातीने पृथ्वी वापरून संपवली आहे. दूरच्या एका सूर्यमालेत अनेक ग्रह व उपग्रह वस्तीयोग्य करण्यात आले आहेत. मध्यवर्ती ग्रहांवर ‘अलायन्स’ नामक संपन्न सत्ता असून अमेरिका आणि चीन या दोन महासत्तांच्या संस्कृतींचा संगम तिच्यात झाला आहे. परिघावरील ग्रह दरिद्री व उजाड आहेत. या ग्रहांनी एकीकरणाविरुद्ध युद्ध केले आणि ते हरले. त्या पराभूत पक्षाचा एक सार्जंट, माल्कम रेनॉल्ड्स, ‘सेरेनिटी’ नावाचे जुने मालवाहू यान घेऊन, मिळेल ती कामे करीत आणि प्रसंगी चोरटी वाहतूकही करीत फिरतो. त्याच्यासह यानावर नऊ माणसे आहेत. व्हेडनला ही कल्पना मायकेल शारा यांच्या ‘द किलर एंजल्स’ या कादंबरीवरून सुचली. कादंबरीचा विषय गेटिसबर्गची लढाई हा आहे. त्यामुळे अवकाशकथेत अमेरिकन यादवी युद्धानंतरचा पश्चिम सरहद्दीचा प्रदेश का अवतरावा, याचा उलगडा होतो.

मालिका टिकून राहण्याची जी कारणे सामान्यतः सांगितली जातात, त्यांत अपूर्णतेचे कारण अग्रस्थानी असते. जे अर्ध्यावर तुटते ते मनात घर करते, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्यांश आहे. तथापि अर्ध्यावर तुटलेल्या मालिकांची अमेरिकेत वाण नाही. याच फॉक्स वाहिनीवरील ‘स्पेस : अबव्ह अँड बियाँड’ ही अवकाशयुद्धाची मालिका १९९५-९६ मध्ये एका हंगामानंतर थांबली. तिचे भाग ‘फायरफ्लाय’पेक्षा अधिक होते, आज तिचे नाव बहुधा या कथाप्रकाराच्या जाणकारांनाच आठवते. तेव्हा अपूर्णता हे आवश्यक कारण असेल. पुरेसे कारण नव्हे.

वाहिनीने केलेल्या अन्यायाचे कारणही पुढे केले जाते. मालिकेची ओळख करून देणारा दोन तासांचा प्रारंभिक भाग वाहिनीला संथ वाटला. म्हणून व्हेडन आणि त्याचा सहकारी टिम मिनिअर यांनी अक्षरशः दोन दिवसांत ‘द ट्रेन जॉब’ हा नवा भाग लिहिला; प्रक्षेपणाला आरंभ त्याने झाला. मूळ प्रारंभिक भाग दाखवला गेला तो अगदी अखेरीस, २० डिसेंबरला. म्हणजे प्रेक्षकाने ग्रंथाची प्रस्तावना उपसंहाराच्या जागी वाचली. डिसेंबर २००३ मध्ये सर्व चौदा भाग योजिलेल्या क्रमाने तबकड्यांवर उपलब्ध झाले, त्यांत न दाखवलेले तीन भागही आले, आणि मालिकेचा खरा वाचकवर्ग – हा शब्द मुद्दाम योजला आहे – तेथून पुढे निर्माण झाला. आपल्या परिभाषेत बोलावयाचे तर २००२ मध्ये भ्रष्ट पाठ प्रसृत झाला आणि २००३ मध्ये पाठनिश्चिती झाली. पण पाठनिश्चितीने ग्रंथ उपलब्ध होतो; तो प्रिय का होतो, याचे उत्तर ती देत नाही.

प्रस्तुत लेखकाच्या मते ते उत्तर मालिकेच्या बोलीत आहे.

या बोलीचे तीन थर दिसतात. पहिला थर जुन्या पश्चिम अमेरिकेच्या ग्राम्य इंग्रजीचा : दुहेरी नकार, प्रमाणभाषेने त्याज्य ठरवलेले ‘एन्ट’, ‘मला वाटते’ या अर्थी ‘रेकन’, हेतू दर्शवण्यासाठी ‘एम टू’. या ग्राम्य रूपांच्या शेजारीच एखादा भारदस्त, ग्रांथिक शब्द अचानक येऊन बसतो. माल्कमच्या बोलण्यातील लज्जत पुष्कळदा या सोयरिकीतून येते. दुसरा थर नवघटित शब्दांचा. ‘शायनी’ म्हणजे चकचकीत. येथे त्याचा अर्थ ‘उत्तम’, ‘झकास’ असा झाला आहे. ‘युनिव्हर्स’चा पूर्वार्ध गळून ‘व्हर्स’ उरला आहे. ‘गॉडडॅम’ या शिवीचे ‘गोरॅम’ झाले आहे. तिसरा थर चिनी भाषेचा. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे करू.

‘गोरॅम’ हा शब्द क्षणभर तपासून पाहण्याजोगा आहे. दूरचित्रवाणीवर निषिद्ध असलेली शिवी वेषांतर करून आणण्याची युक्ती, एवढेच त्याचे प्रयोजन मानता येईल. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या मालिकेतील ‘फ्रॅक’ हा शब्द त्याच कोटीतला. परंतु ‘फ्रॅक’ हा उघडउघड बदली शब्द आहे. मूळ शब्दापासून त्याच्यापर्यंत नेणारी ध्वनिपरिवर्तनाची वाट दाखवता येत नाही. ‘गोरॅम’ला तशी वाट आहे. दोन स्वरांमधील डकार जिभेच्या टोकाच्या निसटत्या आघाताने उच्चारण्याची अमेरिकन इंग्रजीची प्रवृत्ती सर्वपरिचित आहे. ती आणखी एक पायरी पुढे गेली, तर रकार ऐकू येऊ लागणे नवलाचे नाही. मराठी भाषकाला हे समजावून सांगावयास नको. ‘घोडा’ आणि ‘गाडी’ यांतील डकार ‘डोके’ यातील डकाराहून किती निराळा आहे, हे त्याची जीभ जाणते. लेखकांनी हा विचार करून शब्द घडवला की तो सहज सुचला, हे येथे गौण आहे. ऐकणाऱ्याला शब्द झिजलेला वाटतो. झिजलेला शब्द म्हणजे वापरलेला शब्द. वापरला, त्या अर्थी कोणीतरी वापरला असला पाहिजे. पाचशे वर्षांचा अकथित इतिहास एका शिवीतून प्रेक्षकाच्या पदरात पडतो.

याहूनही उद्बोधक उदाहरण पृथ्वीच्या नावाचे. या मालिकेतील माणसे पृथ्वीला ‘अर्थ-दॅट-वॉज’ म्हणतात : ‘होती ती पृथ्वी’. येथे एक संबंधदर्शक उपवाक्य गोठून विशेषनाम झाले आहे आणि क्रियापदाचा भूतकाळ नामाच्या अंगात कायमचा शिरला आहे. यानंतर पृथ्वीविषयी वर्तमानकाळी वाक्य करावयाचे म्हटले, तरी तो भूतकाळ टाळता येत नाही. पृथ्वी कशी नष्ट झाली, कोणी केली, शेवटची माणसे केव्हा निघाली, यांविषयी मालिका फारसे काही सांगत नाही. सांगण्याची आवश्यकताही उरत नाही. शोक व्याकरणात गेला आहे, आणि व्याकरणातील शोक बोलणाऱ्याला जाणवेनासा होतो. तो ऐकणाऱ्या परक्याला जाणवतो. प्रेक्षक हा तो परका होय.

आता चिनी भाषेविषयी. यानावरील माणसे रागावली, दचकली किंवा हताश झाली की चिनी बोलू लागतात. ‘समजले ना?’ या अर्थी ‘दोंग मा’ असा प्रश्न वाक्याच्या शेपटाला जोडतात. सायमन हा तरुण वैद्य आपल्या बहिणीला, रिव्हरला, ‘मेइमेइ’ म्हणजे धाकटी बहीण म्हणून हाक मारतो. भिंतींवर, खोक्यांवर, फलकांवर चिनी लिपी दिसते. या चिनीचे भाषांतर पडद्याच्या तळाशी दिले जात नाही. हा निर्णय फार मोलाचा आहे. भाषांतर दिले असते, तर प्रेक्षक प्रवासी ठरला असता. ते न दिल्यामुळे तो घरातले मूल ठरतो. थोरांच्या बोलण्यातले अर्धे शब्द कळत नाहीत, पण स्वरावरून, मुद्रेवरून, प्रसंगावरून अर्थ लावता येतो, आणि लावलेला अर्थ आपला होतो. भाषा आत्मसात करण्याची ही मूळ रीत आहे. अशा रीतीने जी चार शब्दांची पुंजी मिळते ती माणूस सहसा विसरत नाही.

भाषासंपर्काच्या परिसंवादात मी ही मालिका काही वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांना दाखवली. (माझे स्वतःचे प्रथमदर्शन विद्यार्थिदशेत, वसतिगृहात, एका मित्राकडून उसन्या आणलेल्या तबकड्यांवर झाले होते. परिसंवादाचे निमित्त करून जुने प्रेम वर्गात आणले, असा आरोप झाल्यास तो मला मान्य आहे.) तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, “दोन संस्कृती पाचशे वर्षे एकत्र नांदल्या, तर चिनी फक्त शिव्यांतच का उरली?” प्रश्न नेमका होता. आपल्याकडील दाखला घेऊ. फारसीच्या दीर्घ संपर्काने मराठीत ‘दप्तर’, ‘वकील’, ‘फौज’ अशी कारभाराची नामे आली. ‘फक्त’, ‘शिवाय’, ‘खेरीज’ अशी वाक्ये जुळवणारी अव्यये आली. आणि ‘शाबास’, ‘खबरदार’ असे उद्गारही आले. शिवकालीन ‘राज्यव्यवहारकोशा’ने प्रतिशब्द सुचवले ते मुख्यतः राज्यकारभारातील शब्दांना, ‘शाबास’ लोकांच्या तोंडी राहिले ते आजतागायत. तेव्हा उद्गार आणि वाक्याच्या कडेला राहणारे शब्द परभाषेतून सहज येतात आणि चिवटपणे टिकतात, ही मालिकेतील गोष्ट भाषाशास्त्रीयदृष्ट्या यथार्थ आहे. अयथार्थ आहे ते उरलेल्याचे मौन. चीन जर सत्तेचा अर्धा भागीदार होता, तर करपावतीला, परवान्याला, शिपायाच्या हुद्द्याला चिनी शब्द असावयास हवे होते. मालिकेत ‘शाबास’ आहे, ‘दप्तर’ नाही.

यावर आणखी एक आक्षेप घेतला जातो, आणि तो अधिक गंभीर आहे. चिनी भाषकांना या नटांचे चिनी बोलणे बहुतांशी कळत नाही. सुरांचे चढउतार पार सपाट झालेले असतात. याचे समर्थन करण्याचा मोह भाषाशास्त्रज्ञाला होतो : सूरभेद नसलेल्या भाषेच्या सहवासात शतकानुशतके राहिलेल्या चिनीचे सूर झिजणे शक्य आहे, मग हीच भविष्यातील चिनी असे का मानू नये? मी हे समर्थन वर्गात एकदा केलेही. परंतु ती सबब होती, सिद्धान्त नव्हे. नटांनी वाक्ये कानाने पाठ केली आणि घाईत म्हटली, एवढेच खरे. आणि उच्चाराहून मोठी उणीव अशी, की ज्या जगात प्रत्येकजण चिनीत शिव्या देतो, त्या जगातील नऊ प्रमुख पात्रांत एकही चिनी वंशाचे नाही. शब्द आले, ज्यांचे शब्द, ती माणसे आली नाहीत. मालिकेवरील प्रेमापोटी ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. पराभूतांच्या बोलीला दिलेल्या गौरवाबद्दलही असेच म्हणावे लागेल. माल्कमचा पक्ष ज्या ऐतिहासिक पराभूतांच्या साच्यावर बेतला आहे, ते गुलामगिरीसाठी लढले होते. मालिकेने साचा घेतला आणि ते कारण वगळले. माल्कमला गुलामांच्या व्यापाऱ्याचे पैसे लांबवतानाही दाखवले. ही दुरुस्ती सद्हेतूची असली तरी सोयीची आहे.

बोलीचे सामाजिक कार्य मालिकेने किती जाणतेपणाने हाताळले आहे, हे पाहावयाचे असल्यास ‘शिनडिग’ हा भाग पाहावा. बॅजर नावाचा एक हलका गुंड लंडनच्या श्रमिक वस्तीतील बोलीत बोलतो आणि यानावरील मंडळींना ओलीस धरून बसतो. रिव्हर ही विद्ध मनाची मुलगी एरवी तुटक, असंबद्ध वाक्ये बोलते; तिचे पालनपोषण मध्यवर्ती ग्रहावरील श्रीमंत घरातले. ती त्याच्यासमोर येते आणि हुबेहूब त्याच्याच बोलीत त्याची हजेरी घेते. शस्त्र नाही, धमकी नाही. तू कोठला, हे मी तुझ्या स्वरांवरून ओळखले, एवढेच तिच्या बोलण्याचे सार. बॅजर गप्प होतो, किंबहुना खूष होतो. कोणीतरी आपल्या गावचे भेटल्याचा तो आनंद आहे. एका मिनिटाच्या या प्रसंगात बोली ही व्यक्तीचा पत्ता आहे, मर्मस्थान आहे आणि माहेरही आहे, हे तिन्ही अर्थ उलगडतात. समाजभाषाविज्ञानाच्या पहिल्या तासाला यापेक्षा चांगले उदाहरण मला सापडलेले नाही.

उलट बाजूला सायमन पाहा. त्याची वाक्ये पूर्ण, सुघटित, प्रमाण व्याकरणाची असतात, आणि त्यामुळेच तो यानावर परका ठरतो. केली या अभियंता मुलीला तो आवडतो. पण त्याच्या नेमक्या शब्दांत बसलेले सौजन्य तिला दर वेळी दूर लोटते. प्रमाणभाषा येथे विजेत्यांची आहे. इतर विज्ञानकथांत भविष्यातील माणसे बहुधा प्रमाणभाषाच बोलतात, जणू बोलींचा प्रश्न प्रगतीने सोडवून टाकला आहे. ‘फायरफ्लाय’मध्ये तो सुटलेला नाही. आपल्या घरी एक भाषा आणि कचेरीत दुसरी भाषा बोलणाऱ्या कोणालाही हे जग ओळखीचे वाटेल.

मूळ प्रश्नाकडे वळू. चौदा भागांची एकूण लांबी सुमारे अकरा तास भरते. एवढीच या बोलीची संहिता. २००५ मध्ये आलेल्या ‘सेरेनिटी’ या चित्रपटाने तीत दोन तासांची भर घातली. भाषाभ्यासकाला मर्यादित संहितेचा अनुभव नवा नाही. प्रबंधासाठी मी एका वृद्ध निवेदिकेकडून तिच्या बोलीचे नऊ तासांचे ध्वनिमुद्रण केले होते. दुसऱ्या वर्षी पुढचे प्रश्न घेऊन गेलो, तेव्हा ती हयात नव्हती. त्या नऊ तासांतला प्रत्येक खोकला मला ठाऊक आहे. एक क्रियारूप तिच्या बोलण्यात एकदाच आले. ते त्या बोलीचे सर्वसाधारण रूप की तिची त्या क्षणीची चूक, हे मला ठरवता आले नाही, आणि आता ठरवता येणार नाही. परंतु याच कारणाने ती संहिता मी जितकी जाणतो तितकी माझी रोजची भाषाही जाणत नाही. जेथे नवी भर पडत नाही, तेथे माणूस आहे त्याच्या तळाशी जातो.

‘फायरफ्लाय’च्या रसिकांचे असेच झाले आहे. शंभर-दीडशे भागांची मालिका कोणी मुखोद्गत करीत नाही. अकरा तासांची संहिता करता येते. ती संपूर्णपणे कवेत येण्याइतकी लहान आहे, आणि तिच्यातील बोली जगाच्या अस्तित्वाचा भरवसा वाटावा इतकी दाट आहे. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणूनच अपूर्णता फलदायी ठरली. अन्य बंद पडलेल्या मालिकांत कथा तुटली. येथे कथा तुटली, पण भाषा प्रेक्षकांच्या हाती राहिली. कथा पुढे नेण्यास लेखक लागतो. भाषा पुढे नेण्यास दोन माणसे पुरतात.

ती त्यांनी नेली. कथेतील पराभूत सैनिकांचे ‘ब्राउनकोट’ हे नाव रसिकांनी स्वतःला घेतले. बंद पडण्याच्या बेतात असलेल्या मालिकेसाठी पत्रांची मोहीम केली, वर्गणी काढून व्यवसायपत्रात जाहिरात दिली. पत्रांनी वाहिनी बधली नाही. मात्र तबकड्यांच्या खपाने दुसऱ्या एका चित्रसंस्थेला चित्रपटाचे धाडस करावयास लावले. चित्रपटाने आर्थिकदृष्ट्या बेताचेच यश मिळवले, आणि पुढचा चित्रपट झाला नाही. २००६ पासून निरनिराळ्या शहरांतील रसिक धर्मादाय कार्यासाठी त्याचे खेळ करीत आले आहेत. २००७ मध्ये स्टीव्हन स्वान्सन या अंतराळवीराने मालिकेच्या आणि चित्रपटाच्या तबकड्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर नेल्या. अवकाशात ध्वनी नसतो, हे तथ्य पाळून यानाबाहेरची दृश्ये निःशब्द ठेवणाऱ्या मोजक्या मालिकांपैकी ही एक. तिला तेथे जागा मिळाली, ही गोष्ट मला विशेष गोड वाटते.

चित्रकथा आणि २०१८ पासून निघू लागलेल्या कादंबऱ्या यांनी कथा पुढे नेण्याचा प्रयत्न केला आहे. त्यांच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे कारण नाही. त्या वाचताना रसिक ज्या कसोटीचा वापर करतो, ती मात्र लक्षणीय आहे : “माल असे बोलणार नाही.” उपरोक्त परिसंवादात मी गंमत म्हणून माल्कमच्या तोंडी घालण्याजोगी काही वाक्ये रचून आणली होती. एका वाक्यात ‘पैसे’ या अर्थी चिनी नाम घातले होते. चौदा भाग पाहिलेल्या विद्यार्थ्यांनी ते तत्काळ फेटाळले. का, असे विचारता कोणालाच नियम सांगता येईना. चिनी शब्द बहुधा उद्गारात, शिवीत, हाकेत येतो, रोजच्या वस्तूच्या नावाला येत नाही, हा वितरणाचा नियम आम्ही फळ्यावर मांडला तो नंतर, पाऊण तासाच्या खटपटीने. नियम सांगता येत नाही पण चूक कळते, हे लक्षण आपण जन्मभाषकाचे मानतो. ही भाषा जन्माने कोणाचीच नाही. ज्या विद्यार्थिनीने पहिला प्रश्न विचारला होता, ती वर्ग संपल्यावर थांबली आणि म्हणाली की तिच्या आजीच्या वऱ्हाडीबद्दल तिला असेच होते : बोलता येत नाही, पण कोणी चुकले की कानाला कळते. आजीच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण केले आहे का, असे मी विचारले. केलेले नव्हते. पुढच्या सुटीत ती ध्वनिमुद्रक घेऊन गावी गेली.